भैरवीनंतर उठायचं नाही

वन्सं, तो नारळ मी घ्यायला नको होता.

इतक्या वर्षांनी कबूल करते. तुम्ही असताना केलं असतं तर तुम्ही लगेच "मी काय म्हणत होते?" असं म्हणून चष्मा पुसायला घेतला असतात, आणि तो आनंद मी तुम्हाला सुखासुखी मिळू देणार नव्हते. आता तुम्हाला ऐकू येतं की नाही कुणास ठाऊक, तेव्हा म्हणायला हरकत नाही.

नांदेडचा तो गणपतीतला कार्यक्रम. मी तेविशीची. अंगावर तुमचीच मोरपंखी साडी, आणि गजरा एवढा जाड की मान वळवली तर तो मागाहून वळायचा. मोंढ्यातल्या, धान्याची पोती उचलणाऱ्या हमालांनी तुमचा पियानो हातगाड्यावर घालून तुम्ही शिकवायचात त्या शाळेच्या हॉलमध्ये आणून ठेवला होता. अख्खी गल्ली सतरंज्यांवर बसून त्याच्याकडे नवी सून बघावी तशी बघत होती. आमच्या माहितीत नांदेडात पियानो एकच, आणि तो वाजवणाऱ्या बायका दोन: तुम्ही, आणि तुम्ही शिकवलेली मी. सहा तुकडे मला एकटीने वाजवायचे होते. कोणता आधी, कोणता नंतर, यात मी तुम्हाला बोट घालू दिलं नव्हतं. "माझा कार्यक्रम आहे, वन्सं. क्रम मी लावीन."

लावला. माझं डोकं असं चाललं, की पाहुण्याला आपण चांगलं ते आधी वाढतो. मग मला जे सगळ्यांत बरं वाजवता येतं ते लवकर वाजवून टाकावं. लोक खूश होतील आणि पुढच्या चुका पोटात घालतील. म्हणून भैरवी दुसरी ठेवली.

तशी ती भैरवी नव्हतीच. कुठल्या तरी परमुलखातल्या माणसानं पियानोसाठी लिहिलेला तुकडा. पण त्याचे सूर असे उतरत यायचे की ऐकणाऱ्याला भैरवीच वाटावी. म्हणून तुम्हीच त्याला ते नाव दिलं होतं. आणि भैरवी झाली म्हणजे मैफल संपली, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. मी मात्र म्हटलं, पियानोला कसली आलीय भैरवी. एवढी अक्कल तेव्हा माझ्याकडे होती.

वाजवली. चांगली वाजली. वाजवून झाल्यावर मी उठले आणि लोकांना हात जोडले.

पहिले उठले ते हे. तुमचे बंधुराज. टाळ्या वाजवत उठले आणि तडक रिक्षा बघायला बाहेर गेले. मग त्यांच्या मागचे उठले. म्हाताऱ्यांनी काठ्या शोधल्या, बायकांनी झोपलेली पोरं खांद्यावर घेतली. मंडळाचे चिटणीस पुढे आले, "छोटेखानी पण सुरेख" असं म्हणाले, आभार मानले आणि माझ्या हातात नारळ दिला. मी तो घेतला. चार तुकडे अजून बोटांत होते, वन्सं, आणि मी मान लववून नारळ घेतला.

तेवढ्या गर्दीत तुम्ही एकट्या खाली बसून होता. दोन पोरं सतरंजी गुंडाळायला आली तर तुम्ही तिच्या कडेला सरकलात, पण उठला नाहीत. मी दिसत असूनही दिसत नसल्यासारखं केलं. घरी आल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "नारळ फोड. मोदकाला खोबरं कमी पडून राहिलंय."

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला सांगितलं होतं, "ही तुझ्या नवऱ्याची थोरली बहीण. हिला वन्सं म्हणायचं, आणि हिच्या त्या लाकडी धुडाला हात लावायचा नाही." तुम्ही हैदराबादला दिलेल्या, तिथंच पियानो शिकलेल्या. यजमान गेल्यावर माहेरी परत आलात त्या एक ट्रंक आणि मालगाडीतून आलेलं ते धूड घेऊन. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, बाईनं भांडीकुंडी तिथंच सोडली आणि हत्ती आणला.

मी तिसऱ्याच दिवशी हात लावला. चाकूरकडची पोर मी, देवळातल्या भजनाला पेटी वाजवून वाढलेली. उजव्या हातानं एक अभंग शोधत होते तर तुम्ही मागून आलात.

"माहेरी पेटी वाजवत होतीस का गं?"

"हाव."

"तरीच. डावा हात अजून भाता हालवून राहिलाय. इकडं आण त्याला, काम देते."

मी खाली बघितलं तर खरंच, माझा डावा हात हवेत भाता हलवत होता. त्या दिवसापासून तुम्ही त्या हाताला काम दिलंत. घरातली बाकी कामं कुणी केली असतील ती असोत.

तुमच्या स्वरलिपीच्या पुस्तकाचं पहिलं पान आणि मथळे वाळवीनं खाल्ले होते. कुठला तुकडा कुणाचा, नाव काय, काही पत्ता नव्हता. म्हणून नावं आपणच ठेवली. ज्यात डावा हात खड्ड्यांतून जातो आणि उजवा खिडकीचा गज धरून बसतो, ती हदगावची एसटी. जे चालता चालता मध्येच थांबतं, लांबून काही तरी धडधडत जातं आणि मग पुन्हा चालू होतं, ते उमरीचं फाटक. सगळं वरच्या पट्ट्यांवर कुडकुड वाजतं ती पापडं. ज्यात दोन्ही हात एकमेकांना ओलांडून धावतात ती लगीनघाई. आणि एक संथ तुकडा, ज्यात काहीच घडत नाही, त्याला तुम्ही चाकूरची दुपार म्हणालात. माझ्या माहेरावरून, म्हणून मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्हाला ते कळलंही नाही, कारण त्या दोन दिवसांत मी चाकूरची दुपारच वाजवत होते.

नारळानंतर मी लोकांपुढे एकटीनं कधी वाजवलं नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरींना साथ केली, लग्नात मंगलाष्टकांना पेटी धरली. एकटी नाही. यांची बदली लातूरला झाली, आम्ही तिकडेच घर बांधलं; पियानो आणि तुम्ही नांदेडला. मी शनिवारी एसटीनं यायची, हेही बरोबर असायचे. सकाळी रियाज आणि दुपारी आपला तो खेळ.

त्या खेळाचं कुणाला सांगितलं तर हसतील. आपण परातीच्या काठावर सहा जिनसा मांडायचो. भुईमुगाची शेंग म्हणजे हदगावची एसटी. सुपारी म्हणजे फाटक. लवंग म्हणजे पापडं, हळकुंड लगीनघाई, चिंचोका दुपार. आणि खडीसाखर भैरवी. मग पुढच्या कधी तरी होणाऱ्या कार्यक्रमाचा क्रम लावायचा. शेंग आधी घेतली तर बोटं गरम होतात, पण मग चिंचोका लगेच आला तर लोक जांभया देतील. लवंग शेवटून दुसरी हवी. हळकुंडाशेजारी शेंग नको, दोघं धावतात, माणूस दमतो. तासन्‌तास. तेवढ्यात हे यायचे, परातीतून शेंग फोडून तोंडात टाकायचे आणि वर खडीसाखर. "वन्सं, यांनी भैरवी खाल्ली," मी ओरडायची. तुम्ही म्हणायचात, "त्याला तेवढीच कळते."

खेळ कुठूनही सुरू झाला तरी भांडण एकाच जागी यायचं.

"त्या वेळी क्रम चुकला," मी म्हणायची.

"क्रम न्हाई चुकला. तू उठलीस."

"सगळे उठले."

"सगळे नंतर उठले. आधी तू उठलीस."

"मी नमस्काराला उठले, वन्सं."

"चार तुकडे बाकी असताना कुणाचा नमस्कार?"

यावर मी चहा ठेवायला उठायची. तुम्ही मागून म्हणायचात, "बघ, पुन्हा उठली."

तुमची बोटं संधिवातानं वाकली तेव्हा तुम्ही पियानो लातूरला पाठवून दिलात. त्याच्याबरोबर सूचना: उन्हाळ्यात लाकूड तडकतं, खालच्या फळीमागं पाण्यानं भरलेले तांबे ठेवायचे, एक दिवस चुकवायचा नाही. एका उन्हाळ्यात लातूरला नळ असे आटले की आंघोळीचं पाणी आम्ही कपड्यांना वापरायचो. तरी मी तांबे भरत होते. हे म्हणाले, "माणसं टँकरमागं पळून राहिली अन् तू लाकडाला पाणी पाजून राहिलीस." तुम्हाला फोनवर सांगितलं तर तुम्ही विचारलंत, "काठोकाठ भरतेस ना?"

यंदा नात मागं लागली. मुग्धा. "आजी, सत्तरी ओलांडलीस, आता कधी वाजवणार?" तिनं इथल्या शाळेचा हॉल ठरवला, रविवारची सकाळ ठरवली, हैदराबादच्या सूर लावणाऱ्याला बोलावलं, आणि मग मला सांगितलं. सगळ्यांत आधी तुम्हाला फोन केला. तुम्ही तिकडून म्हणालात, "या खेपेला मी सतरंजीवर बसणार न्हाई, गुडघे दुखतात. खुर्ची सांग."

क्रम घेऊन मी नांदेडला आले. तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसला होता, अंग फार उतरलं होतं, डोळे मात्र तेच. तुमच्या औषधांच्या ट्रेमध्ये मी ओळ मांडली. सुपारी, शेंग, चिंचोका, लवंग, हळकुंड. शेवटी खडीसाखर. अर्ध्या आयुष्याच्या विचारानं लावलेला क्रम होता तो. कुणी नाव ठेवावं अशी जागाच नव्हती.

तुम्ही वाकड्या बोटानं खडीसाखर ढकलत ढकलत पहिल्या जागी आणली.

"वन्सं, चेष्टा पुरे."

"चेष्टा न्हाई. ही आधी वाजव."

"लोक उठतील."

"उठू देत. तू नको उठू."

"आख्ख्या लातूरसमोर माझी इज्जत काढायची आहे का?"

"सकाळचा कार्यक्रम हाय ना? सकाळी भैरवी चालती."

मी खडा शेवटी नेला. तुम्ही पुढे आणला. मी नेला. तुम्ही आणला. दोन म्हाताऱ्या, एका खड्यावरून. ट्रेमधल्या बाटल्या वाजायला लागल्या. मला खरोखरीचा राग आला होता, वन्सं. वाटलं, ही बाई मरायला टेकली तरी मला नारळ विसरू देणार नाही. मी मुठीत धरायला हात पुढे केला, तेवढ्यात तुम्ही खडा उचलून तोंडात टाकलात. इतक्या वर्षांचा मधुमेह असलेली बाई.

"आता लाव शेवटी," गालात खडा धरून तुम्ही म्हणालात.

मी उरलेल्या पाच जिनसा डबीत भरल्या, डबी फटकन बंद केली. "माझा कार्यक्रम आहे. क्रम मी लावीन," म्हणाले आणि गाडी चुकेल या निमित्तानं निघाले. वळून बघितलं तेव्हा तुमचा एक गाल फुगलेला होता. तुम्ही मला शेवटच्या दिसलात त्या अशा, साखर चोरलेल्या पोरीसारख्या. पुढच्या आठवड्यात फोन आला. आम्ही पोचेपर्यंत तुम्हाला अंगणात आणून ठेवलं होतं. गाल सपाट होते.

आता जे सांगते ते फक्त तुमच्यासाठी.

दिवस झाले, सुतक फिटलं, पण नातेवाइकांचं एकच म्हणणं. सख्खी नणंद गेली आणि महिन्याच्या आत भावजय स्टेजवर बसून बाजा वाजवते, हे शोभत नाही. पुढच्या वर्षी बघू. मी तोंड पाडून म्हटलं, "बरोबर आहे. वन्संशिवाय मी काय वाजवणार." मुग्धानं माझा हात धरला. सगळ्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटे नव्हते. पण आत कुठे तरी हलकं झालं. एकदम हलकं. ते हलकेपण मी ओळखलं, वन्सं. तेविशीतलंच होतं.

तेव्हा भैरवी चांगली वाजली होती. तिच्यानंतर हदगावची एसटी होती, आणि ती मला आदल्या संध्याकाळीसुद्धा जमत नव्हती. लोक खूश होते, गजरा जागेवर होता, चूक अजून एकही झाली नव्हती. त्या क्षणी सुटावं असं वाटलं. हात आपोआप जुळले. लोकांना काय, ते माझ्या हातांकडे बघत होते. आणि आता पुन्हा कुणी तरी प्रेमानं नारळ पुढे केला होता, या वेळी तुमच्या नावाचा. मी तो जवळजवळ घेतलाच होता.

बहीण गेल्यापासून यांचं एकच चाललेलं असतं. पेपर उघडतात आणि पान उलटत नाहीत. नातेवाइकांनी नको म्हटल्याच्या तिसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते, तर स्वयंपाकघरात आले आणि ओट्यावर काही तरी ठेवलं. खडीसाखरेचा खडा.

"हे काय?"

"डबीत पाचच हायत. मी बघितलं."

"कार्यक्रम नाहीये आता."

"अक्काचा भाऊ मी हाय. मला कुणी विचारलं न्हाई, करायचा का न्हाई ते." खडा माझ्याकडे सरकवत म्हणाले, "मी आजवर लई खाल्ल्या तुमच्या. ही एक परत घे."

आणि गेले. माझी पोळी करपली.

म्हणजे कार्यक्रम ठरला. क्रम नाही ठरला. निवेदन मुग्धा करणार होती. ती रोज विचारायची. मी तिला माझाच क्रम सांगितला: फाटकानं सुरुवात, भैरवी शेवटी. लातूरचे लोक म्हणजे तुमच्यासारखे हट्टी नव्हेत, भैरवी म्हणजे शेवट, एवढंच त्यांना कळतं. आणि खरं म्हणजे तुम्ही आता बघायला नव्हता. मरून गेलेल्या माणसाला हरवायची ही एवढी एकच संधी होती. ती सोडू?

त्या सकाळी हॉल भरला. अर्धे लोक तर तुमचेच, नांदेडहून पहाटेच्या गाडीनं आलेल्या तुमच्या विद्यार्थिनी, आता त्यांनाही नातवंडं. तुमच्यासाठी कुणी खुर्ची रिकामी ठेवली नव्हती. बरं झालं, असले प्रकार तुम्हाला आवडत नव्हते. पहिल्या रांगेत हे, इस्त्रीचा सदरा घालून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. माझी डबी मी पियानोवर ठेवली होती. पट्ट्या पुसायला आणलेल्या फडक्यानं मी आधी हात पुसले.

मुग्धा म्हणाली, "पहिला तुकडा, उमरीचं फाटक."

मी ठरवून केलं असं म्हणाले तर खोटं होईल. फाटकाचा पहिला सूर डाव्या हाताचा आहे आणि भैरवीचा उजव्या. मी डावा उचलायला गेले. तो जड झाला होता. नुसता मांडीवर पडून होता, तुम्ही काम देण्याआधी होता तसा बिनकामाचा. उजवा उचलला गेला.

मुग्धाचा चेहरा मला कडेनं दिसला. बिचारी कागद उलटसुलट करत होती.

भैरवी वाजवत असताना मला तुम्ही आठवला नाहीत, हेही सांगून टाकते. मला फक्त तिचा शेवट दिसत होता, जवळ येताना, उतारावरून गाडी यावी तसा. शेवटचा सूर मी सोडला. तो विरला. पाठोपाठ ती शांतता आली, जी मला ओळखीची होती. मागं एक खुर्ची कुरकुरली. कुणी तरी चपलेत पाय सरकवला. टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या सुरुवातीच्या टाळ्या नव्हत्या, निरोपाच्या होत्या. तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उठले आणि दाराकडे निघाले. त्यांच्यामागे एक बाई पदर सावरत अर्धी उठली.

माझे गुडघे उठायला लागले होते, वन्सं. खरंच. इतक्या वर्षांत गुडघ्यांची कुरबुर वाढली, पण ही एक गोष्ट ते विसरले नव्हते. दोन्ही तळहात मांडीवरून एकमेकांकडे निघाले होते. मी ते मांड्यांखाली दाबून त्यांच्यावर बसले. चार माणसांसमोर, सत्तरीची बाई, स्वतःच्या हातांवर बसलेली. मान वर केली तर समोर हे. तेही जागचे उठलेले, जेमतेम वीतभर, खुर्चीचे हात घट्ट धरून. त्यांची नजर माझ्या हातांना शोधत होती. हात दिसेनात. आम्ही दोघं तसेच एकमेकांकडे बघत राहिलो, ते वीतभर वर आणि मी हातांवर, आणि कुणी आधी काय करायचं हे दोघांनाही कळत नव्हतं.

मग ते खाली बसले. हळूच. सदरा सारखा केला.

मी हात काढले आणि हदगावची एसटी सोडली. कशी वाजली विचारू नका. दोन खड्ड्यांत गाडी उलटता उलटता राहिली, एका जागी उजवा हात खिडकीतून बाहेर पडला. पण थांबली नाही. अर्धी उठलेली बाई पहिल्याच दणक्याला बसली. दाराकडे गेलेले गृहस्थही परत आले. त्यांचा नुसता फोन वाजला होता.

तिच्यानंतर मी चाकूरची दुपार घेतली. मुग्धानं आता नावं सांगणं सोडून दिलं होतं, ती पायरीवर बसून ऐकत होती. वन्सं, हा तुकडा मी आयुष्यभर वाजवला, पण भैरवीच्या पाठीमागून तो असा ऐकू येतो हे मला माहीत नव्हतं. सगळे निघून गेलेत, दार उघडंच आहे, ऊन ओट्यावर आलंय, आणि घरात एक माणूस उरलंय, त्याला काही तरी करायचं आहे म्हणून ते बसलंय. त्यात काहीच घडत नाही, हे तुम्ही बरोबर म्हणाला होतात. मी उगाच रुसले. मला वाटतं, तुम्हाला हे ठाऊक होतं. हैदराबादहून त्या मालगाडीबरोबर परत आलात तेव्हापासून. मला सांगितलं असतंत तर मी भांडले नसते का? भांडले असते. म्हणून नाही सांगितलंत.

पापडं कुडकुडली, लगीनघाई झाली, लोक हसले. शेवटी उरलं फाटक. त्याचं काय होतं तुम्हाला ठाऊक आहे: ते मध्येच थांबतं आणि पुन्हा सुरू होतं, आणि शेवटाला थांबतं तेव्हाही ऐकणाऱ्याला कळत नाही की आता गाडी जायची आहे की गेली. कुणीच उठेना. सबंध हॉल वाट बघत बसला. मीही बसले. मग जेव्हा मला वाटलं तेव्हा उठले आणि हात जोडले.

हल्ली नारळ देत नाहीत. रोप देतात, प्लास्टिकच्या पिशवीत. मोगऱ्याचं आहे. तुमच्या तांब्यातलं जुनं पाणी त्याला घालते.

क्रम तुमचा बरोबर निघाला, असं मी म्हणणार नाही. एसटी तिसरी हवी होती, दुसऱ्या जागी बोटं अजून गार असतात. पापडं तर साफ मार खातात. परातीसमोर बसलो असतो तर मी हे तुम्हाला पटवून दिलं असतं. निदान संध्याकाळपर्यंत भांडले असते. ते आता राहिलं. आणि दुसरंही एक राहिलं. त्या दिवशी नांदेडला, पोरं सतरंजी गुंडाळत असताना, तुम्ही एकट्या बसून होता ते पुढच्या चार तुकड्यांची वाट बघत, हे मला तेव्हाच कळलं होतं. तुम्हाला कधी सांगितलं नाही.

लोक गेले. पियानो उचलणारी माणसं दाराशी तंबाखू मळत उभी होती. मी पुन्हा स्टुलावर जाऊन बसले होते, का ते माहीत नाही. डबीतला खडा काढून तोंडात टाकला होता. सगळ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, आणि पहिल्या रांगेत हे तसेच, पिशवीतलं रोप मांडीवर घेऊन. मी म्हटलं, "रिक्षा नाही का बघायची?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मांडीवरची पिशवी नीट धरली आणि म्हणाले,

"अजून काही राहिलंय का? राहिलं असेल तर वाजव. मी बसलोय."